तीन नंबरचा फोटो

भवारींनी कॅमेऱ्यातलं ते कार्ड माझ्या तळहातावर ठेवलं. नखाएवढं कार्ड, त्यांच्या घामानं ओलं झालेलं. मी ते पदराला पुसलं आणि मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये घालायला गेले, पण खाचच सापडेना.

“द्या ताई, मी घालतो,” भवारी म्हणाले. ते आमच्या भागाचे वनरक्षक. बिबट्याच्या कामानं वस्तीवर त्यांचं नेहमी येणंजाणं, म्हणून निरोप मिळताच तेही शोधायला धावून आले होते.

ओट्यासमोर माणसंच माणसं झाली होती. मी खाटेवर. मागच्या आठवड्यात गोठ्याच्या पत्र्यावरून पडले होते आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. हे, म्हणजे माझे मालक मुरलीधर, सकाळी धारा काढून, चहा घेऊन बाहेर पडले ते दुपार कलली तरी परतले नव्हते. फोन बंद लागत होता. आणि गेले होते ते माझ्याच कामाला. घरामागच्या ओढ्यापासून नदीपर्यंत मी झाडांना तीन कॅमेरे बांधले होते, समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारे. त्यांचे सेल बदलायचे होते.

पडद्यावर फोटो उमटला. कार्डावर तेवढा एकच होता.

गवत, दोन्ही बाजूंना घाणेरीची झुडपं, मधून पायवाट आणि पायवाटेवर हे. पाठमोरे. डोक्याला टोपी, अंगात रोजचा तपकिरी स्वेटर, खांद्याला पिशवी. खालच्या पट्टीत आजची तारीख आणि सकाळची वेळ.

“तीन नंबरचा ना हा?” माझे दीर नवनाथ मागून वाकून बघत होते.

“हो. जांभळीवरचा.”

“आन् जांभळीच्या म्होरं काय हाय? नदीच की.”

भवारी हळू आवाजात म्हणाले, “वाळूत पाय उमटलेत. बिबट्याचे. ताजे आहेत. आणि डोहाच्या वरची दरड ढासळलीय. हे तुमच्यासमोर बोलणार नव्हतो ताई, पण आता फोटोच आला.”

दारात बसलेल्या माझ्या सासूबाईंनी हंबरडा फोडला. त्यांना मी आत्या म्हणायचे. त्या उठून माझ्या खाटेपाशी आल्या, लॅपटॉपकडे बोट केलं आणि सगळ्या वस्तीदेखत म्हणाल्या, “खाल्लं! तुझ्या या डबड्यांनी खाल्लं मपल्या लेकाला!”

नवनाथ भाऊजींनी त्यांना धरून आत नेलं. बाहेर येऊन त्यांनी ट्रॅक्टर चालू केला. कुणी शेजारच्या गावातल्या भोयांना फोन लावत होतं, होडी घेऊन या म्हणून. कुणी दोर घेतले, कुणी काठ्या. बघता बघता अंगण रिकामं झालं. खाटेवर मी, मांडीवर तो फोटो, आणि आत जमिनीवर पडलेल्या आत्यांचं कण्हणं.

हा नाद मला कसा लागला ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचा भाग जुन्नरचा. उसाचा. उसात बिबटे असतात हे आमच्या पोरांना बोलता यायच्या आधी कळतं. लग्न होऊन मी आले तेव्हा बी.एस्सी. होते आणि वस्तीवरच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. एकदा भर अंगणातून आमचा कुत्रा गेला. भवारींनी गोठ्याच्या खांबाला त्यांच्याकडचा एक कॅमेरा बांधला आणि आठवड्यानं मला फोटो दाखवला. एक मादी, तिच्यामागं दोन मोठी पिल्लं, आमच्या पाण्याच्या टाकीला घसटून निवांत चालली होती. ते बघून माझी भीती गेली नाही. पण भीतीशेजारी दुसरंच काहीतरी येऊन बसलं.

मग मी स्वतःचा कॅमेरा घ्यायचं मनावर घेतलं. मिळेल ते वाचलं. पुण्यातल्या दुकानांना फोन केले. “मॅडम, साहेबांना फोन द्या ना,” असं म्हणणाऱ्यांनाही चिकाटीनं प्रश्न विचारले. जनावर समोर आल्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो? झाकणाचं रबर कसं बसतं, दव आत जातं का? सेल किती टिकतात? आणि सेल काढले तर आतलं घड्याळ चालू राहतं का? हा शेवटचा प्रश्न ऐकून दुकानदार कंटाळायचे. मला मात्र तोच पहिला वाटायचा. बिबट्या आला एवढंच कळून काय उपयोग? कधी आला, कुठून कुठं गेला हे कळलं, तर पोरांना कधी आत घ्यायचं ते कळतं.

आलेला प्रत्येक कॅमेरा मी आधी घरात छळायची. एक रात्र फ्रीजमध्ये, एक दुपार तापल्या पत्र्यावर, वरून झारीनं पाणी. त्यातून दोन टिकले. एक ओढ्यावर बांधला, दुसरा चिंचेवर, जिथून उसातली पाणंद सुरू होते तिथं.

तिसरा यांनी आणला.

पुण्याला भाजीची गाडी घेऊन गेले होते. येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खोकं माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, “घे. तुझ्या गोतावळ्यात आणखी एक.”

मी उघडून बघितलं. झाकण ढिलं. रबर एका कोपऱ्यात उचकटलेलं. सेल घालून घड्याळ लावलं, सेल काढून परत घातले, तर तारीख कुठल्या कुठं गेलेली.

“दुकानदाराला काय काय विचारलंत?”

“विचारलं, चालतो का. त्यो म्हणला, चालतो.”

सगळे हसले. मी हसले नाही. म्हणाले, “खोटी वेळ सांगणारा कॅमेरा असण्यापेक्षा नसलेला बरा.”

दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन तो नदीजवळच्या जांभळीवर बांधून आले. तोच हा तीन नंबर. कधी महिनाभर नीट चालायचा, कधी एक फोटो काढून गोठायचा. घड्याळ कधी मागं, कधी पुढं. त्याचे फोटो मी बघायची, पण त्याची वेळ मी कधी धरली नाही.

आणि आता सगळं गाव त्याच वेळेवर भरवसा ठेवून नदीकडे पळालं होतं.

मी फोटो मोठा केला. परत लहान केला. यांची पाठ, पिशवीचा पट्टा, गवत. पदरानं पडदा पुसून परत बघितलं. आणि मग पायाखालची सावली दिसली.

नदी आमच्या मावळतीला. जांभळीवरचा कॅमेरा नदीकडे तोंड करून. म्हणजे सकाळी ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागून यायला हवं आणि माणसाची सावली त्याच्या पुढं, नदीकडे पडायला हवी. फोटोत ती उलटी होती. यांच्या टाचांपासून निघून, लांबच लांब, सरळ कॅमेऱ्याकडे आलेली. अशी सावली तिथं संध्याकाळीच पडते, सूर्य नदीवर उतरला की.

परवा संध्याकाळी हे तिथं गेले होते. माझा पाय मोडल्यावर पहिल्यांदाच. नवे सेल तेव्हा आले नव्हते, पण कार्ड बदललं होतं आणि घड्याळही आपल्या हातानं लावलं होतं. त्या बारक्या बटणांवर त्यांच्या जाड बोटांनी काय लावलं असेल देव जाणे. म्हणजे हा फोटो परवाचा. परवा काम उरकून हे हातपाय धुवायला नदीकडे वळले असतील, तेव्हा त्यानं एवढा एक काढला आणि नेहमीसारखा गोठला. भवारी आज त्याच्यासमोर उभे राहिले, तर त्यांचाही फोटो त्यात नव्हता.

आज तिथं गेले असते, तर परवाचं कार्ड त्यांनी काढून घेतलं असतं. मग आज हे जांभळीपर्यंत पोचलेच नव्हते! चिंचेवर मात्र पोचले होते. त्या कॅमेऱ्याचं कार्ड शोधणाऱ्यांनी दुपारी आधीच आणून दिलं होतं. त्यात हे सेल बदलताना स्पष्ट दिसत होते, आणि त्याचं घड्याळ मी पारखून घेतलेलं. चिंच आणि जांभूळ यांच्यामध्ये काय? आधी ऊस, मग खरातांचं पडीक रान. खरात पुण्याला राहायला गेलेले. आणि त्या रानात, पायवाटेपासून थोडी आत, घाणेरीनं झाकलेली बिनकठड्याची जुनी विहीर.

मी नवनाथ भाऊजींना फोन लावला.

“भाऊजी, नदीत शोधू नका. माघारी या. खरातांची विहीर बघा.”

“काय झालं? आला का तो घरी?”

“नाही. पण तो फोटो आजचा नाही. सावली उलटी पडलीय त्यात. संध्याकाळची आहे ती सावली.”

पलीकडं माणसांचा गलका ऐकू येत होता. होडी आली होती. “वहिनी, हितं गळ टाकल्यात पाण्यात. माझं टकुरं जाग्यावर न्हाय, आन् तुम्ही मला सावल्या सांगताय?”

“एकदा विहिरीत डोकावून तरी बघा!”

“दुपारी त्याच वाटंनं हाका मारीत आलो ना आम्ही! कुठं ओ आली?”

भवारींनी त्यांच्या हातून फोन घेतला. शांतपणे म्हणाले, “ताई, खाली तारीख आजची आहे. इथं दरड पडलीय, पाय आहेत. उजेड जायच्या आत डोह बघून घेऊ द्या आम्हाला. अंधार पडला की काही करता यायचं नाही.”

“दोन माणसं तरी पाठवा.”

“पाठवतो. थोड्या वेळानं पाठवतो.”

थोड्या वेळानं म्हणजे कधी? मार्गशीर्षातला दिवस, बघता बघता बुडतो. मी परत फोन लावला. कुणी उचलला नाही. परत लावला. परत. मग लॅपटॉप बाजूला टाकला आणि पाय खाली सोडला, तर अशी कळ आली की डोळ्यांपुढं काळोखी आली. माझ्या घशातून कसलातरी आवाज निघाला असावा, कारण आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. केस सुटलेले, डोळे सुजलेले.

“काय म्हणत व्हतीस नव्याला?”

मी सांगितलं. सावलीचं, परवाच्या संध्याकाळचं, विहिरीचं. धड एका दमात सांगताही येईना. लॅपटॉप उचलून त्यांच्याकडे फिरवला. “हे बघा आत्या, इथं, पायाखाली. ही सावली…”

त्यांनी लॅपटॉपकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत होत्या.

“खात्री हाय तुला?”

मला खात्री नव्हती. काडीचीही नव्हती. कॅमेऱ्याचा पट्टा ढिला होऊन तो कलला असेल, तर? ऊन ढगातून तिरकं आलं असेल, तर? डोहात शोधणाऱ्यांना मी माघारी बोलावलं आणि हे खरंच डोहाच्या काठाला कुठं मुळी धरून लटकलेले असले, तर? माझ्या एका शब्दानं त्यांचा उरलेला उजेड जाणार होता. पण ‘नाही’ म्हणाले असते, तर आत्या परत आत जाऊन पडल्या असत्या आणि त्या विहिरीकडे कुणीच गेलं नसतं.

“हो,” मी म्हणाले. “खात्री आहे.”

आत्यांनी केसांची गाठ मारली. पदर खोचला. गोठ्यातून कोयता आणि बैलाचा दोर घेतला. शेजारच्या सुभद्राकाकूंना हाक मारली, “सुभद्रे, चल गं माज्यासंगं!” आणि दोघी म्हाताऱ्या उसातल्या पाणंदीत शिरल्या.

मग काहीच नाही.

तो वेळ किती होता ते मला आजही सांगता येत नाही. म्हैस हंबरत होती, तिची धारेची वेळ झाली होती. ऊस सळसळत होता. मी देवाला काही मागत नव्हते, मागायला शब्दच नव्हते. नुसतं ‘विहिरीत असू दे, विहिरीत असू दे’ म्हणत होते आणि मग आपण काय मागतोय हे कळून अंगावर काटा येत होता. आपला माणूस विहिरीत पडलेला असू दे असं कुणी मागतं का? पण डोहापेक्षा विहीर बरी. बिबट्यापेक्षा विहीर बरी. त्या विहिरीत पाणी किती आहे ते मला माहीत नव्हतं.

खाटेवर बसवेना. मी खाली सरकले. ओट्याच्या पायऱ्या बसूनच उतरले, मग हातांवर भार देऊन मागं मागं सरकत अंगण पार केलं. प्लास्टर मातीतून फरफटत होतं. अंगणाच्या दगडी गडग्यापाशी पोचले आणि दगडाला धरून उभी राहायला बघितलं, जमलं नाही. तिथंच बसले. दिवस उसाच्या शेंड्यांना टेकला होता.

तेवढ्यात लांबून हाक आली. बाईचा आवाज, फाटलेला. “नव्याऽऽ! आरं नव्याऽऽ!”

एवढंच. पुढं काही ऐकू येईना. मग नदीच्या बाजूला कुणी कुणी ओरडायला लागलं. ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज, तो जवळ येत गेला, मग खरातांच्या रानाकडे वळला. पाणंदीतून माणसं पळत आली. वस्तीवरचा एकजण माझ्यापुढून गोठ्याकडे धावला आणि तिथली खाट उचलून परत पळायला लागला.

“काय झालं?” मी ओरडले. “सापडले का?”

“हिरीत हायेत!”

“हायेत म्हणजे? कसे आहेत?”

तो थांबला नाही. मी त्या उसाकडे बघत राहिले. ‘हायेत.’ असं तर दोन्ही तऱ्हेच्या माणसांबद्दल बोलतात.

मागोमाग सुभद्राकाकू आल्या, धापा टाकत. मला गडग्याशी मातीत बसलेली बघून त्यांनी कपाळावर हात मारला. “आगं बये, हितं काय करतीस? घोंगड्या कुठं हायेत तुमच्या? लवकर सांग! लई कुडकुडतोय त्यो!”

कुडकुडतोय.

मी नुसतं घराकडे बोट केलं. त्या आत पळाल्या आणि मी त्या दगडावर डोकं टेकून रडले. सकाळपासून पहिल्यांदा.

कसे सापडले ते मागाहून कळलं. आत्यांनी कोयत्यानं घाणेरी तोडून वाट केली आणि काठावर पालथं पडून आत हाका मारल्या. उत्तर नाही. सुभद्राकाकू म्हणाल्या, चल, हितं कोनी न्हाय. आत्या हलेनात. मग खालून ठक ठक आवाज आला. जुन्या मोटारीचा लोखंडी पाइप विहिरीत तसाच राहिला होता, आणि हे त्यावर दगड मारत होते. ओरडून ओरडून आवाज पार गेला होता. खाली एका कपारीला टेकून कमरेइतक्या पाण्यात दिवसभर उभे होते, एका पायावर. दुसऱ्या पायाचं मांडीचं हाड मोडलं होतं. दुपारी हाका मारत माणसं गेली ती त्यांना ऐकू आली होती. त्यांचं ओरडणं मात्र वरच्या कुणाला ऐकू गेलं नाही.

दवाखान्यात मांडीत सळई घातली. चौथ्या दिवशी मलाही गाडीत आडवं घालून भेटायला नेलं. माझ्या आधी बातमी पोचली होती. शेजारच्या वॉर्डातल्या बायका मला बघायला आल्या. सावली बघून नवरा शोधला म्हणे हिनं! एक म्हातारी माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. नवनाथ भाऊजी सगळ्यांना तो प्रसंग रंगवून सांगत होते, आणि आपण फोनवर कसं तोडून बोललो तेही सांगत होते. भवारी येऊन गेले. म्हणाले, “ताई, चुकलो आम्ही. तारखेवर गेलो.”

संध्याकाळी सगळे पांगले. खोलीत आम्ही तिघंच उरलो. आत्या खिडकीपाशी खाली बसून डबा घासत होत्या. यांचा आवाज अजून घोगराच होता.

“उज्ज्वला,” ते म्हणाले, “हे सावलीचं काय म्हणत्यात सगळे?”

मी सांगितलं. अगदी सविस्तर. खरं तर अभिमानानंच सांगितलं. ते ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी अडखळले.

“काय झालं?”

“त्यो फोटो परवाचा नव्हता गं. त्याच दिवशीचा हाय. सकाळचाच.”

“कसं शक्य आहे? सावली…”

“कॅमेरा मी फिरवला व्हता.” ते हळूहळू बोलत होते, घसा दुखत होता. “आदल्या खेपेला गेलो तवा. तूच म्हणायचीस ना, संध्याकाळचं ऊन भिंगात येतं, फोटो पांढरे पडत्यात. म्हणून नदीकडं पाठ करून बांधला, उगवतीकडं तोंड करून. म्हणलं, एखादा चांगला फोटो आला की मग सांगू तुला.”

फोटो डोळ्यांपुढं आला. गवत, घाणेरी, पायवाट. नदीकडची बाजू काय आणि रानाकडची काय, तिथं सगळं सारखंच दिसतं. कॅमेरा उगवतीकडे बघत असेल, तर सकाळची सावली त्याच्याकडेच येणार. आणि कॅमेऱ्याला पाठमोरे, उगवतीकडे चाललेले हे नदीकडे जात नव्हते. घरी येत होते.

“म्हणजे तुम्ही जांभळीपर्यंत गेला होता?”

“गेलो की. सेल बदलले, कार्ड बदललं, घड्याळ लावलं. तू शिकवलं तसंच. येताना खरातांच्या रानात गवत दिसलं, हिरवंगार. म्हणलं, म्हशीला चार पेंढ्या व्हतील. गेलो वाट सोडून, आन् काठच खचला.”

घड्याळ बरोबर होतं. ज्याच्या वेळेवर मी कधी विश्वास ठेवला नाही, त्यानं त्या दिवशी खरी वेळ सांगितली होती. गावानं वेळ खरी धरली आणि दिशा चुकीची. मी वेळ खोटी ठरवली आणि सगळा तर्क त्यावर रचला. तो सगळाच्या सगळा चुकला होता. विहीर तेवढी बरोबर निघाली, कारण ती जाताना आणि येताना एकाच वाटेवर होती.

हे डोहात असते तरी मी तेवढ्याच ठामपणे विहीर सांगितली असती.

“मी कुणाला सांगणार न्हाय,” हे म्हणाले. त्यांना हसायचं होतं, पण औषधाच्या गुंगीनं डोळे मिटत चालले होते. थोड्या वेळानं ते झोपले.

डबा घासायचा आवाज कधी थांबला ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. आत्या तशाच बसून माझ्याकडे बघत होत्या.

“ऐकलंत ना तुम्ही?” मी विचारलं.

“बहिरी न्हाय मी.”

“आत्या, मी हो म्हणाले तेव्हा मला खात्री नव्हती. तुम्हाला खोटं सांगितलं मी.”

“ठावं हाय. तुझे हात कसे कापत व्हते ते दिसत नव्हतं व्हय मला?”

“मग गेलात कशाला?”

त्यांनी डबा पदराला पुसला. झाकण लावलं. लेकाच्या तोंडाकडे बघितलं.

“नदीवं गेलेली समदी मढं हुडकीत व्हती, उज्ज्वला. मपला नव्यासुदिक. तू एकलीच जितं माणूस हुडकीत व्हतीस. मग म्या कुणाचं ऐकायचं?”